पांढरीतले खापर काय सांगते?



आपल्या घरातील एखादी मुलगी कॉलेजात बी. ए.ला प्राचीन इतिहास घेते. सुट्टीत गावी येते आणि पांढरीवर हिंडून फुटकी खापरे न्याहाळत बसते. घरची माणसे म्हणतात, "एवढे शिकून शेवटी खापरेच पाहायची होती काय?" प्रश्न रागाने विचारलेला असला तरी रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी मुलीला शिकविले त्यांना तो विचारण्याचा हक्क आहे. आजचा पाठ त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

पांढर म्हणजे काय?

काळी आणि पांढरी हा भेद आपल्या खेड्यात सर्वांना ठाऊक आहे. काळीत पीक येते, पांढरीत माणूस राहतो. मातीच्या भिंती पडतात, चुलीची राख साचते, केरकचरा कुजतो. त्यावर पुन्हा घर उभे राहते, पुन्हा पडते. असे शेकडो वर्षे चालले की मातीला पांढुरका रंग येतो. नदीकाठी असे टेकाड दिसले की पुरातत्त्वाचा अभ्यासक ओळखतो, येथे पूर्वी वस्ती होती. टेकाडात मातीचे थर एकावर एक असतात. ते हललेले नसतील तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. या शास्त्राची ही पहिली ओळ होय.

राजाने ग्रंथ लिहवून घेतला, तो आपली कीर्ती राहावी म्हणून. खापर कोणी कीर्तीसाठी टाकले नाही. मडके फुटले, उकिरड्यावर गेले. ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही, त्यांचाही हात मडक्याला लागला होता. म्हणून पोथीत ज्यांचे नाव नाही, त्यांची साक्ष मातीत सापडू शकते.

इनामगावचा दाखला

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी हे या कामाचे प्रमुख होते. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले.

या गावात लिहिलेली एक ओळही सापडली नाही. तरी त्याच्याविषयी किती कळले ते पाहा. जळलेल्या दाण्यांवरून कळले की लोक मुख्यतः जव पिकवीत. नदीचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि बांध घातला होता. एवढे काम एका घराचे नव्हे. त्यासाठी अनेक हात एकत्र आले असणार. काळ्या रंगाची नक्षी असलेली, टिचकी मारली तर खणखणणारी लाल भांडी मिळाली. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे ती प्रथम ओळखली गेली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. घराघरात मातीने लिंपलेले गोल ओटे होते. त्यांच्यावर कणग्या ठेवीत असत. कणगी पाहिलेल्या आजीला तो ओटा दाखवावा, ती क्षणात ओळखील. आपल्या आजीचे ज्ञान या शास्त्राच्या कामी येते, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

मेलेल्या मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांना आपले मूल घराबाहेर ठेववले नसेल काय? असे वाटते खरे. परंतु मडके आपल्याला कृती सांगते, मनातले दुःख आपण आपल्या मनावरून ओळखतो. हा फरक ध्यानात ठेवावा.

शेवटच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १००० नंतर, चित्र पालटते. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती घटते, शिकार वाढते. पाऊसमान कमी झाल्याने गाव खंगले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. गरिबी ही कोणाच्या पूर्वजन्मीचे फळ नसते. तिला या जगातली कारणे असतात, आणि ती शोधता येतात.

वस्तू किती बोलते?

आता कठीण भाग. इनामगावात सगळे सारखे नव्हते. धान्यकोठाराला लागून पाच खोल्यांचे मोठे घर होते. ते गावप्रमुखाचे असावे असे मानतात. प्रौढ माणसांना पुरताना त्यांची पावले तोडलेली आढळतात, परंतु चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या पुरुषाची पावले शाबूत होती. त्याचा मान वेगळा होता, असे म्हणता येते. कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती.

हे वाचून कोणी म्हणेल, "पाहा, जातिभेद तेव्हापासून आहे, तो सनातनच आहे." दुसरा म्हणेल, "हे आपलेच पूर्वज, यांच्यात सारे समान होते." दोन्ही विधाने पुराव्याच्या पुढे धावतात. कुंभाराची भट्टी धुरामुळे आणि आगीच्या भीतीने कडेला असू शकते. घर कोठे होते हे माती सांगते. त्या घरातील मुलाला दुसरा धंदा करण्यास बंदी होती की नाही, रोटीबेटीचे व्यवहार कसे होते, हे ती सांगत नाही. लहानमोठेपणा असणे वेगळे आणि जन्मावर ठरलेली जात असणे वेगळे.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ लिहिला. प्रत्यक्ष पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे आपण तर्काने दुवा जोडत आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेत उघडपणे मांडले. पुरावा कोठे संपला आणि अनुमान कोठे सुरू झाले, हे वाचकापासून लपवावयाचे नाही. कालामांना तथागतांनी हाच मार्ग दाखविला होता. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, काही स्वीकारू नये. आपल्याला आवडते म्हणून तरी का स्वीकारावे?

नाव कोरलेला कारागीर

इनामगावचा कुंभार निनावी राहिला. परंतु पुढे ब्राह्मी लिपी आली, आणि वस्तूवर नाव उमटू लागले. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत यक्षाची एक मूर्ती मिळाली. तिच्यावर लेख आहे की ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. त्याच लेण्यांत पैठणच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदले आहे. मगिल नावाच्या राजवैद्याच्या मुलीचे, दत्तेचे, दान तिच्या स्वतःच्या नावाने कोरलेले आहे. कारागीर आणि स्त्री, दोघांचीही नावे दगडावर आहेत. हा अंदाज नव्हे, हा पुरावा आहे.

विद्यार्थ्याने काय करावे?

पांढरीवर खणू नये. थर एकदा विस्कटला की पुन्हा लावता येत नाही. खापर जेथे दिसले ती जागा वहीत लिहावी, नकाशा काढावा, छायाचित्र घ्यावे, वस्तू तेथेच राहू द्यावी. जागेवरून उचललेली वस्तू अर्धी मुकी होते. काही महत्त्वाचे आढळले तर प्राध्यापकांना व पुरातत्त्व खात्याला कळवावे. वहीच्या डाव्या पानावर "पाहिले ते" लिहावे, उजव्या पानावर "वाटले ते". पांढरीच्या जुन्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घ्याव्यात. एवढे काम बी. ए.चा विद्यार्थीही करू शकतो, आणि त्याचा उपयोग पुढे मोठ्या संशोधकालाही होतो.

आणि घरच्यांनी? मुलीला विचारावे, "आज डाव्या पानावर काय लिहिलेस?"

स्वाध्याय

१) आपल्या गावची पांढर कोठे आहे? तिच्याविषयी घरातील वडीलधारी मंडळी काय सांगतात?
२) इनामगावविषयीच्या मजकुरातून पुरावा कोणता व अनुमान कोणते, ते वेगळे करा.
३) आपले घर तीन हजार वर्षांनी कोणी खणले, तर त्याला आपल्याविषयी काय कळेल आणि काय कळणार नाही?