विद्युद्घटाचें सोपें गणित

ज्या गाडींत पेट्रोलचें एंजिन व विजेची मोटार अशीं दोन्ही साधनें असतात, तीस संकरित गाडी म्हणतात. १९९७ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या टोयोटाच्या प्रियस गाडींत निकेलचे घट होते. लिथियमचे मागाहून आले. लिथियमच्या घटाच्या अंतरंगाचें तपशीलवार गणित डॉइल, फुलर व न्यूमन यांनीं १९९३-९४ सालीं मांडिलें. परंतु गाडींतील चिमुकल्या गणकयंत्रास तें क्षणोक्षणीं सोडविणें जड जातें. म्हणून घट म्हणजे एक विद्युत्-उगम व त्यापुढें एक रोध, एवढेंच मानितात.

समजा, घट ५ अँपिअर-तासांचा, मूळ दाब ३.७ व्होल्ट, रोध ०.००२ ओहम. चढावर १०० अँपिअर प्रवाह घेतला, तर ०.२ व्होल्ट आंतच खर्ची पडून बाहेर ३.५ उरतात, आणि २० वॉट उष्णता होते. ९ सेकंदांत पाव अँपिअर-तास, म्हणजे शेंकडा ५ सांठा सरतो. ब्रेक लावितांना तितकाच प्रवाह उलट गेल्यास दाब ३.९ दिसतो. त्रैराशिक येणाऱ्या मुलास यांत अवघड तें काय?

परंतु रोध स्थिर धरिला, हीच मेख. थंडींत तो पुष्कळ वाढतो. शिवाय कडक थंडींत घट जोरानें भरल्यास ऋण अग्रावर धातुरूप लिथियमचा थर सांचून घट कायमचा बिघडतो. आमच्या समीकरणांत त्या थरास जागाच नाहीं! ती मर्यादा वेगळी लिहून ठेवावी लागते.

प्रवाह मोजण्यांतील बारीक चूकही बेरजेंत सांचत जाते. म्हणून गाडी उभी असतां स्थिर दाब पाहून हिशेबाचा ताळा घेतात. लोह-फॉस्फेटाच्या घटांत मात्र सांठा घटला तरी दाब बराच वेळ जवळजवळ सारखाच राहतो. तेथें हा ताळा फारसा कामीं येत नाहीं.