दंत आरोग्यक आणि औषधशास्त्राची तोंडओळख

आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रात 'माहितीची विषमता' ही संकल्पना मूलभूत मानली जाते. केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात तिचे महत्त्व विशद केले. उपचारकर्त्यास जे ज्ञान असते ते रुग्णास नसते, हा तिचा गाभा होय. दंतचिकित्सेत मात्र या विषमतेस दुसरी बाजूही आहे. रुग्ण घरी कोणती औषधे घेतो हे त्यालाच ठाऊक असते आणि विचारल्याखेरीज तो ते सांगत नाही. दात साफ करण्याचा आणि रक्तदाबाच्या गोळीचा काही संबंध असेल, असे त्याला वाटत नाही. ही माहिती ज्या व्यक्तीने वेळीच मिळवावी अशी अपेक्षा असते, ती व्यक्ती म्हणजे दंत आरोग्यक अर्थात डेंटल हायजिनिस्ट. त्यास आवश्यक असलेल्या प्राथमिक औषधशास्त्राचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायदेशीर चौकट

दंतवैद्य अधिनियम, १९४८ नुसार दात खरवडणे, स्वच्छ करणे व त्यांना झिलई देणे किंवा मुखस्वच्छतेचे शिक्षण देणे हे दंत आरोग्यकाचे कार्य होय. औषधचिठ्ठी लिहिण्याचा अंतर्भाव त्यात नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. या व्यवसायांचे नियमन परिषदेकडून आयोगाकडे सोपविणे हे त्याचे सूत्र आहे. औषध लिहावयाचे नसेल तर औषधशास्त्र कशासाठी शिकावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. योग्य प्रश्न विचारणे, धोका ओळखणे आणि तो दंतवैद्याच्या निदर्शनास वेळीच आणणे, या तीन गोष्टींत त्याचे उत्तर सामावलेले आहे.

मूलतत्त्वे

औषधाचा शरीरातील प्रवास चार टप्प्यांत होतो : शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन. चयापचय मुख्यत्वे यकृतात, तर उत्सर्जन मुख्यत्वे मूत्रपिंडांतून होते. यास्तव या दोन अवयवांचे विकार असलेल्या रुग्णांत नेहमीची मात्राही अधिक ठरू शकते. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा अवधी म्हणजे अर्धायुकाल. औषध किती तासांनी पुन्हा द्यावे, हे ठरविताना तो विचारात घेतला जातो.

मात्रेचे गणित समजणेही तितकेच आवश्यक आहे. भारतात स्थानिक भुलीसाठी लिग्नोकेनचे २ टक्के द्रावण ॲड्रेनॅलिनसह प्रचलित आहे. २ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन. ॲड्रेनॅलिनचे १:८०,००० हे प्रमाण म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम. ॲड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, भूल अधिक काळ टिकते व रक्तस्राव कमी होतो. तथापि हृदयविकाराच्या तसेच प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रुग्णांत त्याच्या वापराबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते.

रुग्णाची औषधे आणि मुखारोग्य

काही औषधांचे परिणाम थेट तोंडात दिसतात. अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन व ॲम्लोडिपिन आणि अवयव प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांमुळे हिरड्या वाढू शकतात. ॲलर्जी व नैराश्यावरील अनेक औषधांमुळे लाळ कमी होते आणि दात किडण्याची शक्यता वाढते. केवळ अस्वच्छतेचा दोष रुग्णाच्या माथी मारण्यापूर्वी त्याच्या औषधांची यादी पाहणे न्याय्य ठरते.

ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांत दात खरवडताना रक्तस्राव अधिक होऊ शकतो. परंतु अशी औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला देणे घातक होय. हिरडीतील रक्तस्राव बहुधा स्थानिक उपायांनी थांबविता येतो. औषध खंडित झाल्याने हृदयात वा मेंदूत होणारी रक्ताची गुठळी प्राणावर बेतू शकते. इन्सुलिन घेणारा रुग्ण उपाशीपोटी आला, तर खुर्चीवरच त्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते. 'सकाळी जेवण घेतले का?' हा साधा प्रश्नही म्हणूनच औषधशास्त्राचा प्रश्न ठरतो.

कृत्रिम हृदयझडप असलेल्या किंवा हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुसंसर्ग पूर्वी होऊन गेलेल्या रुग्णास दात खरवडण्यापूर्वी प्रतिबंधक मात्रा दिली जाते. ॲलर्जी नसलेल्या प्रौढांसाठी ती ३० ते ६० मिनिटे आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम अशी असते. हा निर्णय दंतवैद्याचा. इतिहास विचारण्याची जबाबदारी मात्र आरोग्यकाचीही आहे.

क्लोरहेक्सिडीन व फ्लोराइड

क्लोरहेक्सिडीन हे ०.२ टक्के तीव्रतेचे गुळणीचे द्रावण मुखपृष्ठभागांना चिकटून राहते व कित्येक तास कार्य करते. दातांवर तपकिरी डाग पडणे आणि चव बदलणे हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम होत. टूथपेस्टमधील फेसकारक घटकाने त्याचा प्रभाव घटतो. म्हणून दात घासणे व गुळणी यांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

फ्लोराइड हे मात्रेच्या महत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. टूथपेस्टमध्ये त्याचे प्रमाण १,००० पीपीएम असेल, तर १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ही संभाव्य विषारी मात्रा मानली जाते. १० किलो वजनाच्या बालकासाठी ती ५० ग्रॅम पेस्टमधून पोहोचू शकते. म्हणूनच तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी ठरते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ती १.५ मिलिग्रॅमपर्यंत शिथिल होते. तेलंगणातील नलगोंडासारख्या भागांनी अतिरिक्त फ्लोराइडचे दुष्परिणाम दीर्घकाळ भोगले आहेत.

प्रतिजैविके : खासगी लाभ, सामाजिक किंमत

दातदुखी म्हणजे प्रतिजैविक, हा समज रुग्णांत दृढ आहे. वस्तुतः दाताच्या गाभ्याच्या दाहामुळे होणाऱ्या वेदनेवर प्रतिजैविक हा इलाज नव्हे. तेथे प्रत्यक्ष दंतोपचार लागतो. अनावश्यक गोळीची किंमत घेणारा एकटा मोजत नाही. तिच्यामुळे बळावणाऱ्या प्रतिरोधी जंतूंचा भार समाजावर पडतो. अर्थशास्त्रात यास ऋण बाह्यता म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझोल 'ॲक्सेस' गटात, तर ॲझिथ्रोमायसिन 'वॉच' गटात मोडते. भारतानेही २०१७ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. तत्पूर्वी मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची 'एच-१' नुसार काही औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास तीन वर्षे जपून ठेवावी लागते. मेट्रोनिडॅझोल घेताना मद्य टाळावे, आठ वर्षांखालील मुलांत व गरोदरपणात टेट्रासायक्लिनमुळे घडणाऱ्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात, या सूचना रुग्णाच्या भाषेत पोहोचविणे आरोग्यकास सहज शक्य आहे.

समारोप

महागडे यंत्र खरेदी करण्यास भांडवल लागते. औषधांचा इतिहास विचारण्यास काही मिनिटे व योग्य प्रशिक्षण पुरते. कोणते आजार आहेत, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, गरोदरपण आहे काय आणि अलीकडे काय खाल्ले, या पाच प्रश्नांची नोंद प्रत्येक भेटीत अद्ययावत ठेवल्यास अनेक दुर्घटना टाळता येतील. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रमाची फलश्रुती केवळ खुर्च्यांच्या व उपकरणांच्या संख्येवर ठरणार नाही. त्या खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या आरोग्यकाला काय विचारावे हे ठाऊक आहे की नाही, यावरही ती अवलंबून राहील.