कादंबरीतली ढाल, रणांगणातली ढाल

प्रश्न : अद्भुतकथांमध्ये तलवारीच्या एका घावात चिलखत फाटते. प्रत्यक्षात तसे होत असे का? – एक वाचक, होळी, वसई

उत्तर : नाही. लोखंडी कड्यांचे चिलखत तलवारीचा कापणारा घाव अडवण्यासाठीच घडवलेले असे. १६५९मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाचा वार शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखालच्या चिलखतावर अडला, असे बखरी सांगतात. मंदिलाखाली शिरस्त्राणही होते. कथेतला नायक मात्र चेहरा दिसावा म्हणून उघड्या डोक्याने लढतो. ही सर्वांत मोठी चूक!

कड्यांच्या चिलखताला धोका टोकदार शस्त्राचा आणि जड आघाताचा. कडी तुटली नाही तरी खालचे हाड मोडू शकते, म्हणून आत कापूस भरलेला जाड अंगरखा लागे. चिलखताचे वजन साधारण दहा-पंधरा किलो, पण ते खांद्यांवर आणि कमरेवर विभागले जाई. त्यामुळे योद्धा पळू शकत असे, घोड्यावरही चढू शकत असे.

मराठ्यांची गोल ढाल बहुधा कातड्याची, गेंड्याच्या कातड्याची तर विशेष मोलाची. तिच्यावरचे चार धातूचे फुगवटे निव्वळ शोभेचे नसतात. मागच्या मुठीच्या कड्या तिथेच पक्क्या केलेल्या असतात. हातात धरलेली ही हलकी ढाल फिरवून घाव बाजूला सारता येई.

तोफ-बंदुकीच्या दारूपुढे हे सारे अपुरे; चिलखतच काय, तटही तिच्यापुढे टिकत नसे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा तट फोडला तो सुरुंग लावून.

खरे नमुने पाहायचे असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले शस्त्रदालन जरूर पाहावे.