मेढींचा गोठा : खर्च कमी, पाया पक्का



बऱ्हाणपूरच्या तापीकाठी मे-जूनमध्ये वादळ सुटले की उभी केळी आडवी होते. त्याच वाऱ्याने गोठ्याचे पत्रे उडतात आणि खाली बांधलेले जनावर सापडते. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा : हाताशी पैसा थोडा असेल तर तो भिंतींत घालू नका, मेढीच्या पायात आणि छपराच्या बांधणीत घाला.

माप. सहा जनावरांना ३० फूट लांब व १६ फूट रुंद गोठा पुरतो. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत कमी येते. मेढींच्या तीन ओळी, प्रत्येकीत चार, दहा-दहा फुटांवर. मधली मेढ जमिनीवर १२ फूट, कडेची ८ फूट. एका बाजूस जनावरे, दुसऱ्या बाजूस चारा व अवजारे ठेवावीत. फवारणीची औषधे येथे ठेवू नयेत.

खड्डा. आपली काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीच माती परत भरली तर मेढ ढिली होते. खड्डा ३ फूट खोल घ्यावा. तळाशी सपाट दगड ठेवावा. मेढीच्या बुडातून आडवी लोखंडी सळई घालावी, म्हणजे वारा मेढ उपटू शकत नाही. मग मुरूम व दगड अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थराने भरून पहारीने ठोकावे. जमिनीत जाणाऱ्या लाकडाला आधी डांबर लावावे. कच्चा बांबू मातीत रोवला तर थोड्याच वर्षांत कुजतो. तो वासे व आढ्यासाठीच वापरावा.

बांबू. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हा बांधावर बांबू लावून ठेवणे शहाणपणाचे. जंगलातला मात्र डेपोतून पावतीनेच आणावा.

छप्पर. वारा छपराला ढकलतो त्याहून अधिक वर उचलतो. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवू नये. वासा मेढीला तारेने आवळावा, पत्रा आकड्याच्या बोल्टाने धरावा. कोपऱ्यांना तिरपे आधार द्यावेत. तीन बाजू बंद करून एकच उघडी ठेवू नये. वारा आत कोंडतो आणि छप्पर उचलतो.

आरोग्य. जमिनीला ८ फुटांत अडीच इंच उतार द्यावा, म्हणजे मूत्र साचत नाही आणि खुरे व कास कोरडी राहतात. उघड्या बाजूंनी हवा खेळते. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर पाचट पसरून दोरीने बांधावे. चूल व बिडी मात्र दूर ठेवावी.

मेढी उभ्या करण्याचे काम एकट्याचे नाही. शेजाऱ्यांनी इर्जिक करावे : आज तुमचा गोठा, उद्या त्यांचा. आणि दरवर्षी वादळाचे दिवस येण्याआधी, एप्रिलमध्येच, प्रत्येक मेढ हलवून पाहावी व प्रत्येक तार पुन्हा आवळावी.