आधी पाणी, मग झाडं, शेवटी दाणे: अंगणात पक्षी यावेत म्हणून किती खर्च?

मार्च संपत आला की भर दुपारी एक दृश्य हमखास दिसतं. एसीच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळत असतं आणि त्याखाली एखादी साळुंकी चोच वासून बसलेली असते. आपल्या परिसरातल्या पक्ष्यांना काय कमी पडतं, ते त्या साळुंकीकडे पाहिलं की कळतं. तरीही पक्षी यावेत असं वाटणाऱ्या बहुतेकांची पहिली खरेदी असते ती दाण्यांच्या फीडरची.

मीही तेच केलं होतं. सातशे रुपयांचा पारदर्शक नळीचा फीडर आणला, शिवाय मिश्र दाण्यांचं पाकीट घेतलं. महिनाभर त्याच्याखाली सांडलेले दाणे टिपायला फक्त कबुतरं आली. मग गच्चीच्या कठड्यावर साठ रुपयांचं मातीचं परळ ठेवलं. चौथ्या दिवशी बुलबुलाची जोडी आली आणि पंधरा दिवसांत साळुंकी, दयाळ आणि चिमण्यांना ती जागा माहीत झाली.

याचं कारण सोपं आहे. नळीचे फीडर युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी घडले. तिथे बर्फ पडलं की अन्न मिळेनासं होतं. आपल्याकडे पक्ष्यांचा कठीण काळ चैत्र-वैशाखात येतो आणि टंचाई असते पाण्याची. शिवाय आपल्या बागेत येणारे बहुतेक पक्षी दाणे खातच नाहीत. शिंजीर फुलातला मध पितो, शिंपी आणि दयाळ किडे टिपतात, तांबट फळांवर जगतो, बुलबुल फळं आणि किडे खातो. दाण्यांवर येतात त्या चिमण्या, होले, मुनिया आणि कबुतरं. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी पाणी, मग झाडं, नंतर घरटं आणि सगळ्यात शेवटी दाणे.

खाली दिलेले दर शहरातल्या नर्सरीत आणि किराणा दुकानात साधारण पडतात तसे ढोबळ आहेत. गावागणिक आणि हंगामानुसार ते कमी-जास्त होतील.

पाणी: ५० ते १५० रुपये, एकदाच

कुंभाराकडे किंवा नर्सरीत पसरट मातीचं परळ ५० ते १५० रुपयांना मिळतं. कुंडीखाली ठेवायची मातीची ताटलीही चालते. खोली दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको, कारण लहान पक्षी उथळ पाण्यातच पिण्यासाठी आणि अंघोळीसाठी उतरतो. खोल भांडं घरात असेलच तर मध्ये एक चपटा दगड ठेवा. प्लॅस्टिक आणि स्टीलची भांडी उन्हात तापतात आणि त्यांच्या गुळगुळीत कडेवरून पाय घसरतो. मातीचं परळ पाझरतं, त्यामुळे पाणीही गार राहतं.

परळ सावलीत, जमिनीपासून चार-पाच फूट उंच ठेवा. अगदी झुडपाला खेटून ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं. झुडूप सहा-आठ फुटांवर असेल तर पक्ष्याला उडून लपता येतं आणि मांजर येताना दिसतंही.

पाणी रोज बदलायचं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज रिकाम्या होणाऱ्या परळात तो तयार होऊ शकत नाही. मात्र त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा परळ नारळाच्या काथ्याने घासून उन्हात वाळवा. साबण नको. दोन परळं घेतलीत तर एक वाळत असताना दुसरं कामाला येतं.

परळाशेजारी एखाद्या जुन्या पसरट कुंडीत कोरडी बारीक माती भरून ठेवा. चिमण्या धुळीतही अंघोळ करतात. याला खर्च काहीच नाही.

झाडं: फुकटापासून हजार रुपयांपर्यंत

पैसे घालायचेच असतील तर ते झाडांवर घाला. आणलेले दाणे संपतात, झाड मात्र वर्षागणिक जास्त देतं.

*जास्वंद, ६० ते १२० रुपये.* साधी, एकेरी पाकळीची, लाल फुलांची घ्या. शिंजीर फुलाच्या देठाशी चोच खुपसून मध काढतो आणि शिंपी पानं शिवून घरटं करतो. बारा इंची कुंडीतही ती वाढते, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पहिलं झाड हेच लावावं.

*कडीपत्ता, ३० ते ६० रुपये.* आपण पानांसाठी लावतो, पण त्याच्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकीळ तुटून पडतात. त्यासाठी झाडाला फुलू द्यावं लागतं, दरवेळी शेंडा खुडू नये.

*तुती आणि शेवगा, फुकट.* दोन्ही फांदीपासून लागतात. ओळखीच्यांकडून पेन्सिलीएवढी तुतीची फांदी आणि मनगटाएवढी शेवग्याची फांदी मागून आणा. तुतीच्या फळांना बुलबुल, साळुंकी आणि चष्मेवाला येतात, शेवग्याच्या फुलांना शिंजीर येतो. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, तेव्हा तो भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावा.

*सोनचाफा, कलम १५० ते ३०० रुपये.* फुलं आपल्याला, बिया पक्ष्यांना. फळं उकलून केशरी बिया दिसायला लागल्या की बुलबुल गोळा होतात.

वड, पिंपळ, उंबर घराजवळ लावू नयेत, त्यांची मुळं भिंतीत शिरतात. पण आवाराच्या कडेला एखादं उंबराचं झाड आधीपासून असेल तर ते वाचवा. आपला राज्यपक्षी हरियाल उंबर, वड, पिंपळाच्या फळांवर जगतो आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याला बोलावणारा दुसरा कुठलाही उपाय विकत मिळत नाही. शहरांत अशी झाडं तोडण्यावर १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने बंधन आहे. फांद्या छाटायच्या असतील तर आधी त्यांवर घरटं नाही ना, ते नीट पाहून घ्या.

देशी झाडांची रोपं वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत खासगी नर्सरीपेक्षा स्वस्त मिळतात. घाणेरी मात्र विकत घेऊन लावू नका. तिच्यावर पक्षी येतात हे खरं, पण तिच्या बिया तेच पक्षी रानात नेतात आणि तिथे ती देशी झुडपांची जागा बळकावते.

बागेत फवारलेल्या कीटकनाशकाची बाटली हा खर्चही आहे आणि नुकसानही. चिमणी मोठेपणी दाणे खात असली तरी पिलांना भरवते किडे आणि अळ्या. मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड धुवा. एका कोपऱ्यात पालापाचोळा तसाच राहू द्या, दयाळ आणि सातभाई तो उलथापालथा करून किडे शोधतात. शिंजिराला घरट्यासाठी कोळिष्टकं लागतात, तेव्हा बागेतली सगळी झाडून काढू नका.

घरटं: फुकटापासून ३५० रुपयांपर्यंत

लाकडी पेटीचं घरटं १५० ते ३५० रुपयांना मिळतं. आंब्याच्या पेटीच्या फळ्यांपासून ते घरीही होतं. चिमणीसाठी भोक सव्वा इंच व्यासाचं हवं. त्याहून मोठं असेल तर साळुंकी ताबा घेते. भोकाखाली बसायला काडी नको, तिचा उपयोग कावळ्याला होतो. पेटी आठ-दहा फूट उंच, पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशी टांगा. व्हरांड्यात लावणार असाल तर पंख्यापासून दूर लावा, कारण घरात शिरलेल्या चिमण्या पंख्याच्या पात्याने मरतात.

‘सर्व पक्ष्यांसाठी घरटं’ असं लिहिलेलं काही विकत घेऊ नका. पेटीत राहतात ते चिमणी, साळुंकी, दयाळ असे ढोलीत किंवा भोकात घर करणारे पक्षी. बुलबुल झुडपात वाटी बांधतो आणि शिंजीर लोंबती थैली विणतो. त्यांना पेटी नको, दाट झाड हवं.

दाणे आणि फळं: महिना ७५ ते १७५ रुपये

रोज एक मूठ, म्हणजे साधारण ५० ग्रॅम दाणे पुरेत. महिन्याला दीड किलो झाले. ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी ५० रुपये किलो धरली तर ७५ रुपये, वर्षाचे सुमारे ९१० रुपये. हेच दाणे ‘बर्ड सीड’ म्हणून पाकिटात घेतले तर तिप्पट-चौपट दर पडतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे अख्खी कणसं. नवान्नाच्या वेळी कोकणात दाराला भाताच्या लोंब्या बांधतात आणि चिमण्या त्यांना लोंबकळून दाणे टिपतात. तशीच बाजरीची दोन-चार कणसं दोऱ्याने टांगा. चिमणी, मुनिया कणसाला धरून खातात, पण कबुतराला लोंबत्या कणसावर बसता येत नाही.

फळांसाठी वेगळा खर्च नको. पिकलेल्या पपईची फोड, अर्धं केळं, मऊ पडलेला पेरू किंवा चिक्कू एवढं पुरे. विकत आणलंत तरी महिन्याला १०० रुपयांच्या आत भागतं. संध्याकाळी उरलेलं उचलून टाका, नाहीतर मुंग्या आणि उंदीर येतात. फरसाण, चिवडा, पाव, दूध आणि मीठ-तेलाचे पदार्थ देऊ नका. पावसाळ्यात ओल्या दाण्यांना बुरशी लागते, तेव्हा तासाभरात संपेल तेवढंच ठेवा. त्या दिवसांत किडे भरपूर असतात, दाणे पूर्ण बंद केले तरी कुणाचं अडत नाही.

इथे पैसे घालू नका

लाल बाटलीचा साखरपाण्याचा फीडर गुंजन पक्ष्यांसाठी, म्हणजे हमिंगबर्डसाठी घडवलेला आहे आणि हे पक्षी भारतात नाहीत. आपल्या उकाड्यात साखरपाणी लवकर आंबतंही. शिंजिरासाठी जास्वंदच लावा.

पिंजऱ्यातले राघू किंवा मुनिया विकत घेऊन सोडून देणं हे पुण्य नव्हे. त्या पैशांनी पुढची पकड सुरू होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे.

हिशेबात न धरलेला खर्च

उघड्यावर धान्य पसरलं की कबुतरं वाढतात. मग गॅलरीला जाळी बसवायला काही हजार रुपये जातात. त्यांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना गंभीर दाह होतो. मुंबईत २०२५ साली हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली. कबुतरांचीच गर्दी होऊ लागली तर दाणे लगेच बंद करा, पाणी आणि झाडं चालू ठेवा.

मोठ्या काचेच्या खिडकीत आभाळाचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी आदळतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा रेघा काढा. साध्या रंगाने हे पन्नास रुपयांत होतं.

तीन अंदाजपत्रकं

*फ्लॅटची गॅलरी:* परळ ८०, जास्वंद १००, बारा इंची कुंडी १८०, माती-खत १२०. एकूण ४८० रुपये. दाणे नकोतच.

*घराभोवती छोटं अंगण:* दोन परळं १६०, जास्वंद १००, कडीपत्ता ५०, सोनचाफा २००, खत १५०, घरटं २५०, तुती-शेवगा फुकट. एकूण ९१० रुपये. पुढे दाणे-फळांचे महिन्याला जास्तीत जास्त १७५.

*वीस घरांची सोसायटी:* पाच परळं ४००, आवारात दहा देशी रोपं ६००. एकूण १,००० रुपये, म्हणजे घरटी ५०. परळांची पाळी मात्र आधीच ठरवून घ्या.

केव्हा काय करावं

पाण्याची सोय फेब्रुवारीतच करा, म्हणजे ऊन तापायच्या आत पक्ष्यांना जागा माहीत होते. रोपं जूनमध्ये पहिल्या दमदार पावसानंतर लावा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. त्या आठवड्यात मुलांना घेऊन एक वही सुरू करा आणि कोण पक्षी आला, किती वाजता आला, काय खाल्लं ते लिहीत जा. सहा महिन्यांनी ती वहीच सांगेल की पुढचे शंभर रुपये कशावर घालायचे.

पैशांपेक्षा महाग पडतं ते सातत्य. एकदा पाणी ठेवायला लागलात की त्या जागेच्या भरवशावर कुणीतरी भर दुपारी येतं. मे महिन्यात गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देतो. ती देताना त्यांना गच्चीवरचं परळही दाखवून जा.