आम्हांला हिशेब येतो

(सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ साली स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक सुरू केली. ही बँक कशी उभी राहिली आणि तिने स्त्रियांच्या लहान उद्योगांना कसा हातभार लावला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. त्याला लागूनच सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका आहे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो. पण माण तालुक्यापर्यंत पावसाचे ढग फारसे पोहोचत नाहीत. हा सारा दुष्काळी भाग. नुसत्या शेतीवर घर चालत नाही, म्हणून लोक शेळ्यामेंढ्या पाळतात, मजुरीला जातात. स्त्रियाही मागे नसतात. कोणी बाजारात भाजी विकते, कोणी शिवणकाम करते, कोणी दूध विकते.

चेतना गाला सिन्हा या मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून त्यांना समाजकार्याची प्रेरणा मिळाली. विवाहानंतर त्या म्हसवडला राहू लागल्या. एके दिवशी त्यांच्याकडे एक बाई आली. ती रस्त्याच्या कडेला राहून वेल्डिंगचे काम करत असे. पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. ती कर्ज मागत नव्हती, की कोणाची मदत मागत नव्हती. तिला फक्त बँकेत खाते हवे होते. पण रक्कम फार लहान म्हणून बँकेने खाते उघडायला नकार दिला. स्वतःचेच पैसे ठेवायला या बाईला जागा नाही, हे चेतनाताईंच्या मनाला लागले. मग आपणच बँक का काढू नये, असा विचार त्यांनी गावातील स्त्रियांपुढे मांडला.

बँक काढायची तर रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. स्त्रियांनी अर्ज केला. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रिया बँक कशी चालवणार, या कारणाने तो अर्ज नामंजूर झाला. चेतनाताई निराश झाल्या. पण बायका म्हणाल्या, की आम्ही शिकू. दिवसभर राबून आल्यावर त्या रात्री अक्षरे गिरवू लागल्या.

काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. आम्हांला हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच गणित करायला सांगा आणि कोण आधी सांगते ते पाहा. अखेर परवाना मिळाला आणि १९९७ साली 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू झाली.

लहान धंद्यात भांडवलाचे महत्त्व किती असते? समजा, एक भाजीवाली आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी सावकाराकडून ५०० रुपये घेते आणि संध्याकाळी ५५० रुपये परत करते. पन्नास रुपये तिला फार वाटत नाहीत. पण वर्षात ५२ बाजार भरतात. म्हणजे तिने वर्षभरात २६०० रुपये नुसते व्याज भरले! तेवढ्या पैशांत तिचे स्वतःचे भांडवल पाचपट झाले असते. मेहनत तिची आणि नफा सावकाराचा, असा हा व्यवहार आहे. योग्य व्याजाने कर्ज मिळाले, तर हाच नफा तिच्या घरात राहतो.

बँक सुरू झाली, तरी एक अडचण होतीच. बँकेत जायचे म्हणजे कामाचा दिवस बुडणार. तेव्हा बँकेची माणसेच दारोदारी आणि बाजारात जाऊन पैसे गोळा करू लागली. खातेदाराने बँकेकडे यावे, ही जुनी रीत. येथे बँकच खातेदाराकडे गेली.

परंतु नुसते कर्ज देऊन धंदा वाढत नाही. माल कोठून घ्यावा, किंमत कशी ठरवावी, हिशेब कसा ठेवावा, हेही कळावे लागते. म्हणून २००६ साली स्त्रियांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. सर्वांनाच म्हसवडला येता येत नव्हते, म्हणून पुढे एका बसमध्येच वर्ग भरवले. ही बस गावोगाव जाऊ लागली. शिकल्यानंतरही अनुभवी मार्गदर्शकांचा सल्ला मिळत राहावा, अशी व्यवस्था केली. काही स्त्रिया शेळ्यांवर उपचार करायला शिकल्या. त्यांना लोक 'शेळी डॉक्टर' म्हणू लागले.

२०१८ साली स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जागतिक आर्थिक परिषद भरली. तिच्या सहअध्यक्षांपैकी एक चेतनाताई होत्या. म्हसवडच्या बायकांचा अनुभव तेथे जगापुढे गेला.

बँकेत नवे तंत्र आले, तेव्हा पिन क्रमांक द्यावा असे ठरत होते. बायकांनी नको म्हटले. क्रमांक दुसऱ्याला कळू शकतो, अंगठा कोणी चोरू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या अंगठ्यामुळे एकदा परवाना नाकारला गेला, तोच अंगठा आता त्यांच्या पैशांची राखण करू लागला.

शब्दार्थ
परवाना – सरकारी परवानगी
नामंजूर होणे – मान्य न होणे
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
सावकार – व्याजाने पैसे देणारा
मनाला लागणे – वाईट वाटणे
राबणे – कष्ट करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेल्डिंग करणाऱ्या बाईला पैसे कशासाठी साठवायचे होते?
(आ) पहिला अर्ज नामंजूर का झाला?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्त्रियांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना काय सांगितले?
(आ) कर्जाबरोबर शिक्षण आणि मार्गदर्शन का आवश्यक आहे?
३. कर्ज, अर्ज, बाजार, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी तीन शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या परिसरात लहान उद्योग करणाऱ्या एका स्त्रीला भेटा. तिला भांडवल कसे मिळाले, ते विचारून पाच वाक्ये लिहा.