काम हीच पूजा : कोणत्या अर्थाने?

‘काम हीच पूजा’ हे वचन आपण शाळेच्या फळ्यावर आणि कचेरीच्या भिंतीवर वाचत आलो आहोत. धम्माच्या अनुयायाने ते जसेच्या तसे स्वीकारावे काय? ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून कामे नेमून दिली गेली आणि त्यांनाच धर्म म्हटले गेले, त्या समाजाच्या मुलांना हे वचन शिकवण्यापूर्वी त्याचा अर्थ तपासणे आपले कर्तव्य आहे.

प्रथम पूजा म्हणजे काय ते पाहू. महापरिनिब्बान सुत्तात कुशीनारा येथील प्रसंग आहे. भगवान बुद्ध दोन शालवृक्षांमध्ये अखेरच्या शय्येवर पहुडले असता त्यांच्यावर अवकाळी फुलांचा वर्षाव झाला. तेव्हा त्यांनी आनंदाला समजावले की, तथागताची खरी पूजा फुलांनी होत नाही. जो धम्मानुसार आचरण करतो तोच श्रेष्ठ पूजा करतो. परंपरेने यालाच प्रतिपत्तिपूजा म्हटले.

हे आचरण कसे असते, ते विनयपिटकातील महावग्गात दिसते. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत लोळत होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला शय्येवर निजवले. ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश त्यांनी भिक्खूसंघाला केला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९२६ पासून रात्रपाळीला रुग्णाची कूस बदलणारे हात याच अर्थाने पूजा करीत आले आहेत.

परंतु याच परळ-लालबागने दुसरी बाजूही पाहिली आहे. कापड गिरण्यांत धोट्यातून धागा ओढण्यासाठी तो तोंडाने शोषावा लागे. विटाळाच्या कल्पनेपायी अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणाई खात्यात प्रवेश नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला. जातिव्यवस्थेने कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली, हे त्यांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात सिद्ध केले. म्हणून हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ व २०१३ चे कायदे झाल्यानंतरही जो माणूस गटारात उतरवला जातो, त्याला ‘तुझे काम हीच पूजा’ असे सांगणे म्हणजे अन्यायावर फुले वाहणे होय.

तेव्हा काम पूजा ठरते ते तीन अटींवर. पहिली अट सम्यक आजीविकेची : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे भगवंतांनी सांगितले; ज्याने इतरांचे अहित होते ते काम कितीही निष्ठेने केले तरी पूजा होत नाही. दुसरी अट सम्यक संकल्पाची : बुद्धांच्या मते चेतना हेच कर्म आहे. एकच झाडू कोणी भीतीने मारतो, कोणी कौतुकासाठी, तर कोणी मागून येणाऱ्याचे पाय स्वच्छ राहावेत म्हणून. जमीन तिघांचीही स्वच्छ होते, मन मात्र तिसऱ्याचेच. तिसरी अट नम्रतेची. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. लाचार मनुष्य स्वतःला हीन मानतो. नम्र मनुष्य कोणत्याही कामाला हीन मानत नाही आणि स्वतःचा हक्कही सोडत नाही. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत राहून बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि त्यातील बहुतांश मजकूर ते स्वतःच लिहीत. परदेशातील उच्च पदव्यांनी त्यांना त्या कष्टापासून दूर नेले नाही.

निवासी शाळेत पहाटे अंगण झाडण्याची, पंगतीत वाढण्याची, भांडी घासण्याची पाळी प्रत्येकाच्या वाट्याला येते. या पाळीतच मोठा धडा आहे : येथे काम जन्माने ठरत नाही, ते सर्वांमध्ये फिरते. शाळा सोडून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हीच पाळी आपल्या घरातही चालू ठेवावी. घरातील भांडी केवळ आईच घासत असेल, तर बुद्धमूर्तीपुढील मेणबत्तीचा प्रकाश अपुराच म्हणावा लागेल.

नमो बुद्धाय! जय भीम!